घोड्याचा विमा : बीड जिल्ह्यातील मालकाने कंपनी कशी पारखावी

बीड जिल्ह्यातील पशुधनाचा विचार होतो तेव्हा बैल, म्हैस, शेळी आणि मेंढी यांचाच हिशेब मांडला जातो आणि ते स्वाभाविकही आहे. कारण ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाचा हंगाम बैलजोडीवर आणि मागे राहणाऱ्या माणसांचा चरितार्थ दुभत्या जनावरांवर अवलंबून असतो. तरीही या जिल्ह्यातून घोडा अजून हद्दपार झालेला नाही. लग्नसराईत वरातीला नुकरा, म्हणजे पांढरा घोडा देऊन त्यावर वर्षभराचा संसार चालवणारे घोडेवाले, मेंढरांच्या मागे तट्टांवर बिऱ्हाड लादून माळामाळाने फिरणारे धनगर, वीटभट्टीवर खेचरे आणि गाढवे राबवणारी कुटुंबे आणि केवळ शौकापायी अंगणात एखादी मारवाडी किंवा काठेवाडी घोडी बांधणारे बागाईतदार असे अनेक प्रकारचे अश्वपालक येथे आढळतात. यांपैकी वरातवाल्याची स्थिती सर्वांत नाजूक असते. त्याने नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या किंवा नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेड्याच्या यात्रेतून कर्ज काढून आणलेला घोडा पोटशुळाने एका रात्रीत गेला, तर भांडवल आणि उत्पन्न ही दोन्ही एकाच वेळी बुडतात आणि कर्जाचे हप्ते मात्र चालूच राहतात.

अशा मालकाने विमा उतरवावा की नाही, हा प्रश्न तुलनेने सोपा आहे. कोणाकडे उतरवावा, हा खरा अवघड प्रश्न आहे. सर्वसाधारण समज असा की ज्याचा हप्ता कमी तो विमा चांगला. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन याच्या नेमके उलट आहे. घोड्याच्या बाबतीत पॉलिसीची किंमत हप्त्यावरून नव्हे, तर जनावर मेल्यानंतरच्या पहिल्या दिवसात मालकाला काय काय सिद्ध करावे लागेल आणि ते बीड जिल्ह्यातील त्याच्या गावी सिद्ध करता येईल का, यावरून ठरते. म्हणून कंपनीची निवड शेवटाकडून सुरुवातीकडे, म्हणजे दाव्याकडून हप्त्याकडे अशा क्रमाने करणे शहाणपणाचे ठरते.

घोड्याच्या नुकसानीची वाटणी करून घेण्याची कल्पना या मातीला नवी नाही. मराठी फौजेत बारगीर आणि शिलेदार असा भेद होता. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे, तर शिलेदार स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारे घेऊन चाकरीला येई, त्यामुळे घोडा गमावण्याचा धोका मुळातच त्याच्या शिरावर असे. १७६३ च्या ऑगस्टमध्ये आजच्या गेवराई तालुक्यातील राक्षसभुवनाजवळ गोदाकाठी माधवराव पेशव्यांची आणि निजामाच्या फौजेची लढाई झाली, तेव्हा दोन्ही बाजूंना घोडदळाचाच भरणा होता आणि त्या काळी शिलेदाराची पत त्याच्या घोड्यावरच मोजली जात असे. पुढे एकोणिसाव्या शतकात अंबाजोगाई, म्हणजे त्या वेळचे मोमिनाबाद, हे हैदराबाद कंटिंजंट या निजामाच्या खर्चाने आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली चालणाऱ्या फौजेच्या घोडदळाचे ठाणे झाले. ब्रिटिश अमलाखालील अशा शिलेदारी रिसाल्यांत 'चंदा' नावाचा निधी असे. प्रत्येक स्वार दरमहा पगारातून ठरावीक रक्कम त्यात भरी आणि ज्याचा घोडा मरे किंवा निकामी होई त्याला नवा घोडा घेण्यासाठी त्या निधीतून मदत मिळे. आजच्या भाषेत हा परस्पर विमा होता, ज्यात विमा घेणारे आणि विमा देणारे एकच असतात.

हा चंदा निधी चालण्याचे कारण उघड होते. रिसाल्यातील प्रत्येक माणूस प्रत्येक घोडा ओळखत असे, कोणाचा घोडा खरोखर आजाराने मेला आणि कोणी हयगय केली हे सर्वांना ठाऊक असे. त्यामुळे पुराव्याच्या कागदांची गरजच पडत नसे. तो निधी कशापुढे तोकडा पडला हेही तितकेच बोलके आहे. पहिल्या महायुद्धात घोडे एकेक करून नव्हे तर एकदम मोठ्या संख्येने कामी येऊ लागले, तेव्हा रिसाल्याच्या आपसातल्या तजविजीला ते ओझे पेलेना आणि युद्धानंतर शिलेदारी पद्धतच मोडीत काढण्यात आली. एकाच वेळी अनेकांचे नुकसान झाले तर लहान निधी कोसळतो, म्हणूनच आधुनिक विमा कंपन्या आपल्या जोखमीचा काही भाग दुसऱ्या, मोठ्या कंपनीकडे उतरवतात. यालाच पुनर्विमा म्हणतात. साथीच्या रोगाच्या भीतीने कंपन्या घोड्याच्या पॉलिसीत इतक्या अटी का घालतात, याचा उलगडाही येथेच होतो. कंपनी घोड्याला ओळखत नाही आणि मालकालाही ओळखत नाही. रिसाल्यातल्या ओळखीची जागा कागदाने घेतलेली असते.

सध्याच्या व्यवस्थेत बीडच्या मालकापुढे दोन वाटा आहेत. पहिली सरकारी अनुदानाची. केंद्र सरकारने २००५-०६ मध्ये शंभर जिल्ह्यांत प्रायोगिक पशुधन विमा योजना सुरू केली, ती केवळ संकरित आणि जास्त दूध देणाऱ्या गायी-म्हशींपुरती होती; घोड्याला त्यात स्थान नव्हते. २०१४-१५ पासून राष्ट्रीय पशुधन अभियानात ही योजना आली, तेव्हा ओझे वाहणाऱ्या जनावरांच्या वर्गात घोडा, तट्टू, खेचर, गाढव आणि उंट यांचा समावेश झाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने या अभियानात सुधारणा करून पशुपालकाने भरावयाचा हिस्सा हप्त्याच्या १५ टक्क्यांवर आणला आणि उरलेली रक्कम केंद्र व राज्य यांनी ६०:४० या प्रमाणात सोसावी असे ठरवले. समजा १,००,००० रुपयांच्या घोड्यासाठी हप्ता ४,००० रुपये आला, तर मालकाला केवळ ६०० रुपये भरावे लागतील आणि उरलेल्या ३,४०० रुपयांपैकी २,०४० केंद्र व १,३६० राज्य देईल. हा आकडा केवळ समजण्यासाठी घेतला आहे, प्रत्यक्ष दर त्या त्या वर्षाच्या करारानुसार ठरतो. या वाटेवर कंपनी निवडण्याचा प्रश्न मालकापुढे नसतो, कारण कंपनीची निवड शासकीय यंत्रणा करते. मालकाने तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन चालू वर्षी योजनेला निधी आहे का, कोणती कंपनी नेमली आहे आणि वरातीचा घोडा ओझे वाहणाऱ्या जनावरांच्या वर्गात धरला जातो का, एवढे विचारावे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर तोंडी न घेता प्रस्तावपत्रातच 'वरातीसाठी' असे स्पष्ट लिहून घ्यावे, कारण तोंडी आश्वासन दाव्याच्या वेळी कोणाच्याही स्मरणात नसते.

दुसरी वाट खुल्या बाजाराची. सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण होऊन १ जानेवारी १९७३ पासून न्यू इंडिया, नॅशनल, ओरिएंटल आणि युनायटेड इंडिया या चार सरकारी कंपन्या उभ्या राहिल्या आणि ग्रामीण भागातील जनावरांचा विमा दीर्घकाळ त्यांच्याच हाती राहिला; आज खासगी कंपन्याही या क्षेत्रात आहेत. मात्र सर्वांच्या पॉलिसींचा मूळ साचा गाय-म्हशीचा आहे. घोड्यांची घटती संख्या हे त्याचे एक कारण. २०१२ च्या पशुगणनेत देशात सुमारे ६ लाख २५ हजार घोडे-तट्टे होती, ती २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत सुमारे ३ लाख ४० हजारांवर आली, म्हणजे सात वर्षांत ४५ टक्क्यांहून अधिक घट झाली. विम्याचे गणित मोठ्या संख्येवर चालते. हजारो जनावरांच्या अनुभवावरून मृत्यूचे प्रमाण ठरते आणि त्यावरून दर. घोडे इतके थोडे आणि त्यांचे उपयोग इतके भिन्न असल्यामुळे कंपन्या त्यांच्यासाठी वेगळा विचार सहसा करत नाहीत आणि घोड्याच्या अंगावर गायीच्या मापाची झूल चढवली जाते. ती कोठे कमी पडते हे पाहणे, हेच निवडीचे पहिले काम.

ही पॉलिसी मुख्यतः मृत्यूची असते, हे प्रथम ध्यानात घ्यावे. अपघात, रोग, शस्त्रक्रिया, वीज, पूर, आग यांमुळे जनावर दगावल्यास विमारक्कम किंवा मृत्यूपूर्वीचा बाजारभाव, यांपैकी जे कमी असेल ते मिळते. औषधोपचाराचा खर्च मिळत नाही. स्वीडनमधील आग्रिया ही १८९० साली सुरू झालेली कंपनी घोड्याच्या पशुवैद्यकीय खर्चाचा विमा देते आणि युरोपात तो सर्वसामान्य मानला जातो. आपल्याकडील मालक तशा अपेक्षेने पॉलिसी घेतो आणि पुढे निराश होतो. कायमचे पूर्ण अपंगत्व हा जादा हप्ता भरून घ्यावयाचा भाग असतो आणि त्यात पूर्ण रक्कम मिळत नाही. गायी-म्हशींच्या पॉलिसीत बहुधा ७५ टक्के मिळते. घोड्याच्या बाबतीत हा भाग विशेष महत्त्वाचा आहे, कारण पाय मोडलेली गाय दूध देऊ शकते, पाय मोडलेला घोडा मात्र मालकासाठी खर्चाचा धनी होतो. म्हणून अपंगत्वाची व्याख्या दुधावर आणि प्रजननावर बेतलेली आहे की कामाच्या क्षमतेवर, हे दोन कंपन्यांच्या पॉलिसी शेजारी ठेवून वाचावे.

यानंतर येतो उपयोगाचा प्रश्न, आणि बहुतेक वाद येथेच उद्भवतात. प्रस्तावपत्रात जो उपयोग लिहिला असेल त्याव्यतिरिक्त अन्य कामासाठी जनावर वापरले असता झालेला मृत्यू पॉलिसीतून वगळलेला असतो. बैलगाडा शर्यतींवरील बंदी सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये अंतरिम आदेशाने उठवली आणि १८ मे २०२३ च्या निकालाने महाराष्ट्राची कायदादुरुस्ती वैध ठरवली, तेव्हापासून शर्यतींना पुन्हा बहर आला आहे आणि काही ठिकाणी घोडाही धावतो. वरातीसाठी विमा उतरवलेली घोडी शर्यतीत पडून मेली, तर कंपनी दावा नाकारील आणि तो नकार कायद्याने टिकण्याचा संभव मोठा आहे. वर्षातून एकदाही जे काम घोड्याला करावे लागणार असेल ते आरंभीच लिहावे. हप्ता थोडा वाढेल, पण दावा शाबूत राहील. ज्या प्रस्तावपत्रात उपयोगाचा रकानाच नसतो, ती कंपनी सोयीची वाटते खरी, पण तिथे वाद उद्भवल्यास मालकापाशी दाखवायला काहीच नसते.

अतिरिक्त ओझे हेही वगळलेल्या कारणांत मोडते. येथे १९६५ च्या ओझेवाहू जनावरांविषयीच्या केंद्रीय नियमांचा आधार घेता येतो. त्यांनुसार तट्टावर ७० किलो, खेचरावर २०० किलो आणि गाढवावर ५० किलोंपेक्षा जास्त भार लादता येत नाही, दिवसात ९ तासांपेक्षा अधिक काम घेता येत नाही आणि पारा ३७ अंशांपुढे असेल तर दुपारी १२ ते ३ या वेळात जनावर कामाला लावता येत नाही. बीडच्या एप्रिल-मे महिन्यांत पारा ३७ च्या खाली राहणारे दिवस विरळाच. तेव्हा वीटभट्टीवर भर दुपारी कोसळलेल्या खेचराच्या दाव्यात कंपनीच्या पाहणीदाराने, म्हणजे सर्व्हेअरने, मृत्यूची वेळ विचारली तर त्यामागचा हेतू मालकाला कळला पाहिजे.

वरातवाल्याची आणखी एक जोखीम या पॉलिसीत येतच नाही. फटाक्यांनी किंवा डीजेच्या आवाजाने बिथरलेला घोडा वऱ्हाडात शिरला आणि कोणी जखमी झाले, तर भरपाईची जबाबदारी मालकावर येते आणि जनावराच्या मृत्यूचा विमा तिथे उपयोगी पडत नाही. त्यासाठी त्रयस्थाच्या नुकसानीचा, म्हणजे सार्वजनिक दायित्वाचा, वेगळा विमा लागतो. दोन्ही एकाच ठिकाणी देणारी कंपनी मिळाल्यास थोडा जादा हप्ता भरूनही तिचा विचार करावा, कारण घोडा मेल्याने मालक जितका बुडतो त्याहून एखाद्या अपघाताच्या दाव्याने अधिक बुडू शकतो.

ओळखीचा मुद्दा रंजक आहे. जनावरांच्या विम्यात 'बिल्ला नाही तर दावा नाही' असा रोकडा नियम चालतो आणि गायी-म्हशींच्या कानात बारा अंकी क्रमांकाचा पिवळा बिल्ला सर्रास दिसतो. पण वरातीच्या शोभिवंत घोड्याच्या कानाला भोक पाडून बिल्ला ठोकायला कोणताही घोडेवाला राजी होत नाही. त्याला पर्याय मायक्रोचिपचा आहे. तांदळाच्या दाण्याएवढी, पंधरा अंकी क्रमांक असलेली ही चिप मानेच्या डाव्या बाजूला आयाळीखाली सुईने बसवतात आणि वाचकयंत्र जवळ नेताच क्रमांक दिसतो. चिप बसवली की काम संपले असे मात्र नाही. मृत्यूनंतर पाहणीला येणाऱ्या माणसाकडे ते यंत्र असेल का, नसेल तर तालुक्याच्या दवाखान्यात आहे का, हे आधी विचारून घ्यावे. नाहीतर चिप घोड्याच्या मानेत आणि क्रमांक फक्त कागदावर अशी स्थिती होते.

चिपबरोबर अंगावरील खुणांचे वर्णन तितकेच मोलाचे ठरते आणि या बाबतीत मराठवाड्यातील जाणत्या घोडेवाल्याला काही शिकवावे लागत नाही. नुकरा, कुमैत, अबलख, पंचकल्याणी हे रंग आणि कपाळावरचा, मानेवरचा, छातीवरचा एकेक भोवरा तो बोटाने दाखवतो. यात्रेत घोड्याचा सौदा भोवऱ्यांच्या शुभाशुभावरच ठरतो किंवा मोडतो. शुभाशुभाचा भाग श्रद्धेवर सोडला, तरी भोवरा जन्मभर बदलत नाही आणि दोन घोड्यांच्या भोवऱ्यांची मांडणी सहसा सारखी नसते, म्हणून जगभरच्या पशुवैद्यकीय ओळखपत्रांत भोवऱ्यांची नोंद केली जाते. पॉलिसीसोबतच्या पशुवैद्याच्या दाखल्यात 'पांढरा घोडा, वय सहा वर्षे' एवढेच लिहिलेले असेल तर तो दाखला कुचकामी समजावा. त्यात प्रत्येक भोवऱ्याची जागा, कपाळावरचा ठिपका, पायांवरचे पांढरेपण, जुन्या जखमांचे व्रण आणि दातांवरून काढलेले वय असावे. शिवाय दोन्ही बाजूंनी, समोरून आणि मालकासह काढलेली छायाचित्रे जोडावीत.

किंमत ठरवताना मालक, पशुवैद्यक आणि कंपनीचा प्रतिनिधी यांनी एकत्र बसून आकडा ठरवावा अशी योजनेची पद्धत आहे. गायी-म्हशींसाठी दुधाच्या लिटरवर आधारलेला ठोकताळा असतो, घोड्यासाठी तसा काहीच नाही आणि किंमत वाटाघाटीनेच ठरते. यात्रेतील खरेदीची पावती, निदान बाजार समितीच्या किंवा यात्रा समितीच्या शिक्क्याची, जपून ठेवली नसेल तर मालकाची बाजू लंगडी पडते. वाढीव किंमत लिहून घेण्याचा मोह टाळावा, कारण हप्ता वाढीव रकमेवर जातो आणि भरपाई बाजारभावावरच मिळते. वंशाचा आधार आता थोडा बळकट झाला आहे. मेंढपाळांच्या तांड्यांतून टिकून राहिलेल्या भीमथडी घोड्याला कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने अलीकडेच स्वतंत्र जातीची मान्यता दिली आहे, त्यामुळे 'गावठी तट्टू' म्हणून हेटाळल्या जाणाऱ्या जनावराच्या मोलाविषयी बोलायला निदान अधिकृत नाव मिळाले.

आता तो दिवस, ज्यासाठी हा सारा खटाटोप. घोडा मेला की मालकाने त्याच दिवशी, शक्य तर तासाभरात, कंपनीला लेखी किंवा पोच मिळेल अशा रीतीने कळवावे; पाहणी होण्यापूर्वी किंवा निदान शवविच्छेदन होण्यापूर्वी मृतदेह पुरू नये. उन्हाळ्यात घोड्याचे कलेवर अतिशय लवकर फुगते आणि उशीर झाल्यास आतड्याचा पीळ, फुटलेले जठर किंवा विषबाधा यांची चिन्हे ओळखणे पशुवैद्यकालाही कठीण होते. शवविच्छेदन कोण करतो, यालाही महत्त्व आहे. जिल्हा परिषदेचे पशुवैद्यकीय दवाखाने दोन श्रेणींचे आहेत; श्रेणी-१ मध्ये पशुवैद्यक पदवी घेतलेला पशुधन विकास अधिकारी असतो, तर श्रेणी-२ बहुधा पशुधन पर्यवेक्षकाच्या हाती असते. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानुसार नोंदणीकृत पशुवैद्यकाचाच दाखला ग्राह्य धरला जातो, म्हणून गावातला दवाखाना श्रेणी-२ चा असेल तर तातडीच्या वेळी कोणाला बोलवायचे हे विमा घेतानाच ठरवून ठेवावे. १९६२ या क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाशी संपर्क साधता येतो. घोड्याच्या गुंतागुंतीच्या शस्त्रक्रियेसाठी बीडकर मालकाला परभणी किंवा उदगीर येथील पशुवैद्यक महाविद्यालय गाठावे लागते. म्हणून शस्त्रक्रियेदरम्यान किंवा वाहतुकीत झालेला मृत्यू पॉलिसीत धरलेला आहे का, हेही वाचून घ्यावे.

एक रोग मात्र या साऱ्या चर्चेला वेगळे वळण देतो. ग्लँडर्स हा बर्कहोल्डेरिया मॅलिआय या जिवाणूमुळे होणारा, घोड्याकडून माणसालाही होऊ शकणारा जीवघेणा रोग २००९ च्या केंद्रीय कायद्याखाली सूचना देणे बंधनकारक असलेल्या रोगांत मोडतो. हरियाणातील हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात रक्ताची तपासणी होऊन रोग निश्चित झाला की घोड्याला उपचार न करता वेदनारहित पद्धतीने मारून पुरावे लागते. पॉलिसीत 'हेतुपुरस्सर मारलेल्या' जनावराची भरपाई नाही असे कलम असते. मात्र त्याच कलमात असाध्य वेदनेतून सोडवण्यासाठी पशुवैद्यकाच्या दाखल्यावर किंवा अधिकृत सरकारी आदेशाने मारावे लागल्यास अपवाद केलेला असतो. हा अपवाद छापील कलमात आहे की नाही, हे दोन कंपन्यांची तुलना करताना पाहण्यासारखी पहिली गोष्ट ठरावी. एकही ओळ वाचायला वेळ नसलेल्या मालकाने निदान एवढी ओळ तरी शोधावी. पॉलिसी सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या १५ दिवसांत, किंवा तीत लिहिलेल्या मुदतीत, उद्भवलेल्या रोगाने मृत्यू झाल्यास भरपाई मिळत नाही, म्हणून साथ आल्यावर विमा घेण्याचा विचार फोल असतो.

कंपन्यांची तुलना करताना दाव्यांच्या प्रमाणाचे आकडे पुढे केले जातात. गोळा झालेल्या हप्त्यांपैकी किती टक्के रक्कम दाव्यांपोटी गेली, याचे हे प्रमाण विमा नियामक व विकास प्राधिकरण दरवर्षी प्रसिद्ध करते. परंतु त्यात वाहनांचा आणि आरोग्याचा विमा इतका प्रचंड असतो की घोड्याच्या दाव्यांविषयी त्यातून काहीही कळत नाही. त्यापेक्षा कंपनीचे कार्यालय बीडमध्ये आहे, अंबाजोगाईला आहे की थेट छत्रपती संभाजीनगरला, पाहणीदार कोठून येतो, आणि पॉलिसी देणाऱ्या एजंटाने यापूर्वी एखाद्या घोड्याचा दावा मिळवून दिला आहे का, या तीन प्रश्नांची उत्तरे अधिक उपयोगी पडतात. विमा घेताना ग्राहक माहिती पत्रक मागून घ्यावे. त्यात पॉलिसीच्या मुख्य अटी आणि वगळलेली कारणे थोडक्यात असतात. हप्त्याची रक्कम एजंटाच्या हाती देऊन निश्चिंत होऊ नये. १९३८ च्या विमा कायद्याच्या ६४ व्हीबी या कलमानुसार हप्ता कंपनीला मिळाल्यावाचून जोखीम सुरू होत नाही.

दावा अडला तर प्रथम कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लिहावे आणि महिन्याभरात समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे जावे. बीड जिल्हा पुणे येथील लोकपालाच्या कक्षेत येतो, तेथे शुल्क लागत नाही, वकिलाची गरज नसते आणि नकार मिळाल्यापासून एका वर्षात तक्रार करावी लागते. दुसरा मार्ग बीडच्याच जिल्हा ग्राहक आयोगाचा. तिथे दोन वर्षांची मुदत आहे. राष्ट्रीय पशुधन अभियानाच्या मार्गदर्शक सूचनांत दाव्यासाठी फक्त चार कागद पुरेसे मानले आहेत, कंपनीला दिलेली सूचना, पॉलिसी, दाव्याचा अर्ज आणि शवविच्छेदन अहवाल. आणि कागद दिल्यापासून १५ दिवसांत रक्कम न दिल्यास कंपनीने १२ टक्के चक्रवाढ व्याज द्यावे असेही म्हटले आहे. कंपनीने पाचवा, सहावा कागद मागितल्यास मालकाने या सूचनांकडे बोट दाखवावे.

सगळ्याच घोड्यांचा विमा काढण्यात अर्थ आहे असेही नाही. पूर किंवा वीज यांसारख्या आपत्तीत जनावर गेल्यास राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२ ते २०२६ या काळाच्या निकषांनुसार घोड्यामागे ३२,००० रुपये आणि तट्टू, खेचर किंवा गाढवामागे २०,००० रुपये मदत मिळते. तलाठ्याच्या पंचनाम्यावर मिळणारी ही मदत विम्याशी निगडित नाही, मात्र रोगाने किंवा रस्त्यावरील अपघाताने मेलेल्या जनावराला ती लागू होत नाही. मेंढपाळाचे पंचवीस-तीस हजारांचे तट्टू, जे वर्षातले अनेक महिने दुसऱ्या जिल्ह्यात असते आणि ज्याच्या मृत्यूच्या वेळी नोंदणीकृत पशुवैद्यक गाठणे जवळजवळ अशक्य असते, त्याच्यासाठी अनुदानाशिवाय पूर्ण हप्ता भरणे हे बहुधा तोट्याचे ठरते. वय वाढलेल्या घोड्याला तर कंपन्या स्वतःच नाकारतात. वयाची वरची मर्यादा प्रत्येक पॉलिसीत निराळी असते. याउलट दोन-तीन लाखांच्या, कर्जावर घेतलेल्या वरातीच्या घोड्याला विमा नसणे हे सरळसरळ अविचाराचे आहे, आणि कर्ज बँकेचे असेल तर पॉलिसीवर बँकेचे नाव चढलेले असते, त्यामुळे भरपाई आधी बँकेकडे जाते, हेही मालकाने जाणून असावे. माळेगावच्या यात्रेत विमा असलेला घोडा विकत घेणाऱ्याने विक्रेत्याची पॉलिसी कंपनीकडून आपल्या नावावर करून घ्यावी, आणि घोडा टेम्पोत चढवण्याआधी वाटेतील प्रवासाची जोखीम त्यात आहे का हे पाहावे; नसल्यास प्रवासापुरते वेगळे संरक्षण मागावे किंवा घोडा बीडला पोहोचून पशुवैद्यकाची तपासणी होईपर्यंतचा धोका आपलाच, असे धरून चालावे.